महाविद्यालयीन स्पर्धांचे सामने आपल्याकडे भरवणे विद्यापीठाला परवडते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात तुम्ही शिकवता. यंदा तिथल्या क्रीडा सल्लागार समितीवर तुमची नेमणूक झाली आणि पहिल्याच बैठकीत दोन विषय पुढे आले. एक, महिलांचा बास्केटबॉल संघ चांगला खेळतो आहे. तो देशातल्या पहिल्या सोळांत आला, तर एनसीएएच्या (अमेरिकेतले महाविद्यालयीन खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या) स्पर्धेच्या पहिल्या दोन फेऱ्या आपल्याकडे भरवायच्या का? दोन, शहरातल्या मोठ्या स्टेडियमला पुरुषांच्या स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्या हव्या आहेत आणि त्यासाठी त्यांना यजमान म्हणून विद्यापीठाचे नाव हवे आहे. द्यायचे का? शेवटी तुम्ही विचारले आहे, ‘यात खरेच पैसा मिळतो का, की नुसता मान?’

मी अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांच्या क्रीडा विभागांत मिळून १९ वर्षे सामन्यांचे नियोजन आणि तिकिटांचे हिशेब सांभाळले. त्या अनुभवावरून निकाल आधीच सांगतो. पहिल्या विषयाला हो म्हणा, मात्र हातात जवळजवळ काही उरणार नाही हे धरून म्हणा. दुसऱ्याला मात्र तोट्याची जबाबदारी शहर घेते आहे असे कागदावर आल्याशिवाय होकार देऊ नका. दोन्ही प्रस्तावांत ‘यजमानपद’ हा एकच शब्द असल्यामुळे समित्यांची गल्लत होते. प्रत्यक्षात ही दोन वेगळी कामे आहेत.

पैशाचे आधी पाहू, कारण समितीत पहिला प्रश्न तोच येतो.

नेहमीच्या हंगामातल्या सामन्याचे तिकीट विकले की पैसा विद्यापीठाचा. एनसीएएच्या स्पर्धेतला सामना तुमच्याच सभागृहात, तुमच्याच खुर्च्यांवर बसून लोकांनी पाहिला तरी तो सामना एनसीएएचा असतो. यजमान विद्यापीठ आधी अंदाजपत्रक पाठवते, ते मंजूर होते, सामने झाल्यावर हिशेब द्यावा लागतो. तिकिटांच्या उत्पन्नातून मंजूर खर्च वजा जातो आणि उरलेल्या रकमेचा मोठा वाटा एनसीएएकडे जातो, लहान यजमानाकडे राहतो. खेळाप्रमाणे टक्के आणि तपशील बदलतात, पण घडण हीच. पाहुण्या संघांचा प्रवास आणि दैनंदिन भत्ता एनसीएए देते, तो भार तुमच्यावर येत नाही.

एक कल्पित हिशेब मांडतो. समजा, महिलांच्या पहिल्या दोन फेऱ्या तुमच्याकडे आल्या. चार संघ, तीन सामने. पहिल्या दिवशी दोन सामने, मधला दिवस सरावाचा, मग जिंकलेल्या दोघांचा एक सामना. दोन्ही दिवशी ४,००० माणसे आली आणि तिकीट सरासरी १५ डॉलरला गेले, तर उत्पन्न झाले १,२०,००० डॉलर. पोलीस, सुरक्षारक्षक, रुग्णवाहिका, दारावरची माणसे, सफाई, गुण नोंदवणारी मंडळी, पत्रकारांची सोय, इंटरनेटची जादा जोडणी, स्पर्धेचे फलक लावणे आणि काढणे या सगळ्याला ९०,००० लागले असे धरा. उरले ३०,०००. त्यातला मोठा वाटा गेला की तुमच्या हातात काही हजार डॉलर. आणि या हिशेबात तुमच्या पगारी कर्मचाऱ्यांचे तास कुठेच नाहीत. ती माणसे त्या आठवड्यात रोज चौदा-पंधरा तास उभी असतात. त्यांचा वेळ मोजला, तर हिशेब बहुतेक वेळा उणे निघतो.

वरकड उत्पन्नावरही फार भिस्त ठेवू नका. खाण्यापिण्याची विक्री बहुधा सभागृहाच्या वाट्याची असते. पण पुष्कळ विद्यापीठांनी ते काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिलेले असते आणि हातात फक्त कमिशन येते. प्रायोजकांचा तर प्रश्नच नाही. एनसीएएला सभागृह कोरे लागते. वर्षभर ज्या बँकेचा, ज्या मोटार-विक्रेत्याचा फलक मैदानाच्या कडेला असतो, तो त्या तीन दिवसांत झाकावा लागतो. स्थानिक प्रायोजकांना हे आधी सांगून ठेवले नाही, तर टीव्हीवर सामना पाहताना त्यांना पहिल्यांदा कळते आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो. असे फोन मी घेतलेले आहेत.

आणखी एक. यजमान संघ पहिल्याच दिवशी हरला तर? दोन्ही दिवसांची एकत्र तिकिटे आधी विकलेली असतात, तो पैसा जात नाही. पण दुसऱ्या दिवशी दारात होणारी विक्री थंडावते, पार्किंग रिकामे राहते आणि स्टॉलवरचे अन्न उरते. त्यामुळे अंदाजपत्रकात दुसऱ्या दिवसाची गर्दी पहिल्या दिवसाएवढी धरू नये. मी ती निम्मी धरायचो.

एवढे सगळे सांगून पहिल्या विषयाला हो का म्हणतो?

कारण तिथे तुमचा संघ खेळणार आहे. महिलांच्या स्पर्धेत २०१५ पासून पहिल्या १६ मानांकित संघांना पहिल्या दोन फेऱ्या घरी खेळायला मिळतात. त्याआधी जागा अगोदरच ठरलेल्या असत आणि कित्येक ठिकाणी संघ रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळत. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांनाच २०२४ मधले आयोवा विद्यापीठातले दृश्य पूर्ण कळेल. तिथली गाजलेली खेळाडू केटलिन क्लार्क हिच्या शेवटच्या वर्षी होली क्रॉस आणि वेस्ट व्हर्जिनिया या दोन्ही संघांविरुद्धचे सामने आयोवाने आपल्या कार्व्हर-हॉकआय सभागृहात खेळले. सुमारे १५,००० खुर्च्या भरलेल्या. वेस्ट व्हर्जिनियाने तो सामना शेवटपर्यंत ओढला, आयोवा ६४-५४ ने सुटली. तो सामना तटस्थ गावी, अर्ध्या भरलेल्या सभागृहात असता तर काय झाले असते कोणास ठाऊक, पण त्या आवाजाचा उपयोग झाला नाही असे मी तरी म्हणणार नाही.

घरच्या मैदानाचा फायदा हा नुसत्या भावनेचा विषय नाही. खेळाडू स्वतःच्या पलंगावर झोपलेले असतात, रिंगमागची पार्श्वभूमी डोळ्यांना सवयीची असते, विमानप्रवास टळतो, वर्ग बुडत नाहीत. अमेरिकन फुटबॉलची बारा संघांची प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद पद्धतीची स्पर्धा, २०२४ मध्ये सुरू झाली. तिची पहिली फेरी त्या वर्षी २० आणि २१ डिसेंबरला नोटर डेम, पेन स्टेट, टेक्सस आणि ओहायो स्टेट यांच्या आवारांत झाली आणि चारही यजमान जिंकले. त्यांचे मानांकनही वरचे होते, त्यामुळे सगळे श्रेय मैदानाला देऊ नये. पण इंडियाना, एसएमयू, क्लेमसन आणि टेनेसी यांच्या प्रशिक्षकांना विचारले असते, तर प्रत्येकाने तटस्थ मैदान निवडले असते एवढे खात्रीने सांगतो.

जागेने काय होते याचे मला नेहमी आठवणारे उदाहरण पुरुषांच्या स्पर्धेतले आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये एनसीएएने नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एचबी-२ कायद्यामुळे (ट्रान्सजेंडर व्यक्तींनी कोणते स्वच्छतागृह वापरावे यावर निर्बंध घालणारा कायदा) तिथल्या सात स्पर्धा काढून घेतल्या. मार्च २०१७ चे ग्रीन्सबरोचे सामने साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला गेले. गंमत म्हणजे साउथ कॅरोलायनावरही विधानभवनाच्या आवारातल्या कॉन्फेडरेट झेंड्यावरून, म्हणजे गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेतल्या राज्यांच्या झेंड्यावरून, आधीच ठरवल्या जाणाऱ्या सामन्यांसाठी एनसीएएची वर्षानुवर्षे बंदी होती. तो झेंडा २०१५ मध्ये उतरला आणि बंदी उठली. त्या ग्रीनव्हिलमध्ये दुसऱ्या मानांकनाचा ड्यूक विद्यापीठाचा संघ आणि सातव्या मानांकनाचा साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ समोरासमोर आले. ड्यूक नॉर्थ कॅरोलायनातलेच, ग्रीन्सबरो त्यांच्या दारात आहे. ग्रीनव्हिलमध्ये गर्दी साउथ कॅरोलायनाच्या चाहत्यांची होती. साउथ कॅरोलायनाने ८८-८१ ने सामना जिंकला आणि पुढे उपांत्य फेरी गाठली. यजमान शहराच्या हाती नसलेल्या कारणाने सामना हलतो, आणि तो कुठे हलतो यावर कुणाचा हंगाम संपणार हेही काही प्रमाणात ठरते.

महिलांच्या बाबतीत आता घरी मिळवलेल्या विजयाला पैशाचे मोलही आले आहे. पुरुषांच्या स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांवर ‘युनिट’ मिळतात. एक युनिट म्हणजे सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलर, आणि ते परिषदेमार्फत, म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटामार्फत, वाटले जातात. महिलांना हे कित्येक दशके नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये ठराव झाला आणि त्या वर्षीच्या स्पर्धेपासून महिलांसाठीही युनिट सुरू झाले. पहिल्या वर्षीचा निधी १.५ कोटी डॉलर. पुरुषांच्या तुलनेत रक्कम लहान आहे आणि ती परिषदेतल्या सर्वांत विभागली जाते. तरी घरी दोन सामने जिंकून पुढच्या फेरीत जाणे याचा अर्थ आता हिशेबाच्या वहीत दिसतो. तुमच्या समितीने यजमानपदाचा जमाखर्च मांडताना हा रकाना जोडावा. तिकिटांच्या रकान्यात जे सापडत नाही ते थोडेफार इथे सापडते.

आणि एक रकाना असा आहे जो कुठल्याही वहीत बसत नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलींना घरच्या लोकांसमोर आणखी एकदा खेळायला मिळते. हंगामातला शेवटचा घरचा सामना होऊन गेलेला असतो, फुले देऊन झालेली असतात, आई-वडिलांचे फोटो झालेले असतात. आणि मग अचानक आणखी दोन संध्याकाळी मिळतात. एका वर्षी आमचा संघ दुसऱ्या फेरीत चार गुणांनी हरला. सामना संपल्यावर पंधरा मिनिटे कुणी जागचे हलले नाही. वाद्यवृंद वाजवत राहिला, लहान मुली कठड्यापाशी सह्यांसाठी उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षीची सीझन तिकिटे नोंदवताना किती जणांनी मला ‘त्या रात्री आम्ही होतो’ असे सांगितले, त्याची मोजदाद नाही. आमच्या विभागाने यजमानपदावर केलेला तो खर्च मला कधीच डाचला नाही.

आता अडचणी. यातली सर्वांत मोठी विद्यार्थ्यांची. मार्चमधला तो आठवडा बऱ्याच विद्यापीठांत वसंताच्या सुट्टीचा असतो. ज्यांच्या आरडाओरड्यासाठी आपण घरचे मैदान मागतो तीच मुले घरी गेलेली असतात. फुटबॉलला डिसेंबरात तेच होते, सत्र संपलेले आणि वसतिगृहे रिकामी. एफसीएस म्हणजे फुटबॉलच्या दुसऱ्या पातळीची प्लेऑफ नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुट्टीतल्या शनिवारी सुरू होते. ऑक्टोबरात भरलेली स्टेडियमे त्या दिवशी अर्धी दिसतात. त्यात एनसीएएचे तिकीट सीझन तिकिटात धरलेले नसते. वर्षभराचे पैसे भरलेल्या माणसाला पुन्हा खिशात हात घालावा लागतो. तो घालतो, पण त्याला आठवडाभर आधी विचारायला हवे, आणि तुमच्याकडे आठवडा नसतो. रविवारी रात्री जागा जाहीर होतात आणि शुक्रवारी किंवा शनिवारी पहिला सामना असतो.

यावर उपाय आहे. वसतिगृहांच्या कार्यालयाशी जानेवारीतच बोलून ठेवा. विद्यार्थ्यांना सुट्टीत राहू द्यायचे ठरले, तर भोजनालय उघडे ठेवावे लागते, त्याचा खर्च कोण करणार ते आधी ठरवा. वाद्यवृंदातल्या मुलांना परत बोलावायचे तर त्यांचा प्रवासखर्च कुठून, तेही. विद्यार्थ्यांची काही शे तिकिटे विद्यापीठाने स्वतः विकत घेऊन फुकट वाटली, तर तो पैसा वाया जात नाही. मात्र ती देताना ओळखपत्र दारावर दाखवायची अट ठेवा. नाहीतर तीच तिकिटे पाहुण्या संघाच्या चाहत्यांच्या हातात दिसतात.

दुसरी अडचण हॉटेलांची, आणि तिच्याकडे समित्या फारच कमी लक्ष देतात. मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात गोन्झागा विद्यापीठ महिलांच्या फेऱ्यांचे यजमान होते आणि त्याच आठवड्यात पुरुषांचे सामनेही त्याच शहरात होते. खोल्या पुरल्या नाहीत. युटा विद्यापीठाच्या महिला संघाला राज्याची सीमा ओलांडून आयडाहोतल्या कूर दालेन गावात उतरावे लागले. तिथे रस्त्यावर त्या मुलींना वंशद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. संघाने दुसऱ्या दिवशी हॉटेल बदलले, पण ज्या मुली वर्षभर त्या सामन्यासाठी घाम गाळत होत्या त्यांचा तो आठवडा नासला तो नासलाच. हे वाचताना मला आमच्या खोल्यांच्या याद्या आठवल्या. आपणही कधीकधी ‘४० मैलांवर आहे, चालेल’ असे म्हणून पुढे गेलो होतो. शहरात त्याच दिवशी दुसरे काय आहे हे पाहणे, आणि चार संघांना चांगल्या खोल्या देता येत नसतील तर अर्ज न करणे, ही यजमानाची पहिली जबाबदारी आहे असे मी आता मानतो.

बाकी छोट्या गोष्टी अगणित आहेत. त्यातली एकच सांगतो. २०२४ मध्येच पोर्टलंडच्या विभागीय सामन्यांत मैदानाच्या दोन टोकांच्या तीन-गुणांच्या रेषा वेगवेगळ्या अंतरावर आखल्याचे ध्यानात आले, तेही तिथे आधीचे सामने होऊन गेल्यावर. मोजपट्टी घेऊन मैदान मोजायला एका माणसाला अर्धा तास लागतो. तो माणूस कोण, हे कागदावर नाव घालून ठरवा.

तुमचे सभागृह त्या तारखांना मोकळे आहे ना, हेही बघा. एका विद्यापीठात आम्ही पात्र ठरलो आणि त्याच शनिवारी तिथे एका संगीत कार्यक्रमाचे बुकिंग निघाले. करार मोडायला जे पैसे लागले ते स्पर्धेच्या सगळ्या शिलकीपेक्षा जास्त होते. तेव्हापासून मार्चच्या उत्तरार्धातले शनिवार-रविवार दोन वर्षे आधी अडवून ठेवायचे, असा नियमच केला.

आता तुमच्या दुसऱ्या विषयाकडे येतो. पुरुषांच्या स्पर्धेत संघाला स्वतःच्या घरी खेळता येत नाही. ज्या सभागृहात संघाने हंगामात तीनपेक्षा जास्त सामने खेळले ते त्याचे घर मानले जाते. यजमान विद्यापीठाचे काम फक्त व्यवस्थेचे. म्हणजे तुमचा संघ पात्र ठरला, तरी तुम्ही यजमान असलेल्या जागी तो खेळू शकत नाही. तुमचे सामन्यांचे कर्मचारी मात्र त्या आठवड्यात दुसऱ्या आठ संघांच्या तैनातीला असतील, आणि त्याच आठवड्यात तुमचा स्वतःचा संघ दुसऱ्या राज्यात खेळत असेल. मी हे एकदा अनुभवले. आमच्या संघाचा सामना मी स्टेडियमच्या तळमजल्यावर, खुर्च्यांचे गठ्ठे मोजत, फोनवर ऐकला.

पैसा हॉटेले, भोजनगृहे, पार्किंगवाले आणि स्टेडियमचे मालक यांच्याकडे जातो. शहराचे लोक तुम्हाला ‘इतक्या कोटींचा आर्थिक परिणाम’ असा अहवाल दाखवतील. तो शांतपणे वाचा. व्हिक्टर मॅथेसन आणि रॉबर्ट बाडे या अर्थशास्त्रज्ञांनी मोठ्या क्रीडा स्पर्धांच्या अशा दाव्यांचा बरीच वर्षे अभ्यास केला आहे, महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या अंतिम फेऱ्यांचाही. शहराच्या प्रत्यक्ष उत्पन्नात दाव्याच्या जवळपास जाईल अशी वाढ त्यांना आढळली नाही. कारण समजायला सोपे आहे. स्थानिक माणसाने सामन्यावर खर्च केलेले ८० डॉलर त्याने एरवी सिनेमावर किंवा जेवणावर खर्च केलेच असते. गर्दीला कंटाळून नेहमीचे गिऱ्हाईक त्या दोन दिवसांत बाहेर पडत नाही. आणि हॉटेलांनी वाढवलेल्या दरातला बराच भाग दुसऱ्या शहरातल्या मालकाकडे जातो.

तरीही अशा यजमानपदाला मी सरसकट नाही म्हणत नाही, आणि त्याचे कारण डेटन. ओहायोतल्या डेटन विद्यापीठाचे युडी अरेना १९६९ मध्ये उघडले. पुरुषांच्या एनसीएए स्पर्धेचे सर्वांत जास्त सामने या एका सभागृहात झाले आहेत. स्पर्धेचा सलामीचा सामना २००१ पासून तिथे होऊ लागला आणि २०११ पासून ‘फर्स्ट फोर’ या चार सामन्यांचे ते कायमचे घर झाले. महामारीमुळे २०२० मध्ये स्पर्धा रद्द झाली आणि २०२१ मध्ये सगळे सामने इंडियाना राज्यात झाले, एवढाच खंड. मंगळवार-बुधवारच्या रात्री, देशाच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्या दोन अनोळखी लहान विद्यापीठांचा सामना पाहायला डेटनचे लोक तिकीट काढून येतात. शहरातल्या व्यापाऱ्यांची आणि नागरिकांची ‘बिग हूपला’ नावाची समिती तिकिटे घेऊन जवळच्या हवाई तळावरच्या सैनिकांच्या कुटुंबांना देते. २०१५ मध्ये डेटनचाच संघ तिथे बोइझी स्टेटविरुद्ध खेळला, कारण घरच्या मैदानाचा नियम फर्स्ट फोरला लागू नव्हता. तो सामना त्यांनी एका गुणाने जिंकला, ५६-५५.

डेटनला हे जमते याची कारणे बघा. सभागृह विद्यापीठाचे स्वतःचे. तीच माणसे दरवर्षी तेच काम करतात, त्यामुळे त्यांना दरवेळी नव्याने शिकावे लागत नाही. तिकिटांचा भार शहराने आपल्या अंगावर घेतला आहे. आणि देशभरच्या लोकांच्या मनात विद्यापीठाचे नाव त्या आठवड्याशी जोडले गेले आहे, त्याला बरीच वर्षे लागली. तुमच्या शहरात दहा वर्षांतून एकदा हे सामने येणार असतील, सभागृह महापालिकेचे असेल आणि व्यापाऱ्यांची अशी समिती नसेल, तर तुमच्या वाट्याला राहील फक्त राबणे.

क्रॉसकंट्रीमध्येही, म्हणजे माळरानावरच्या लांब पल्ल्याच्या धावण्याच्या शर्यतींतही, असेच एक गाव आहे, इंडियानातले टेरे हॉट. इंडियाना स्टेट विद्यापीठाने तिथल्या लाव्हर्न गिब्सन मार्गावर राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षे भरवली. फुटबॉल-बास्केटबॉलच्या श्रीमंतांशी त्यांची बरोबरी होणार नव्हती. त्यांनी एक खेळ निवडला, त्यासाठी खास मार्ग तयार केला आणि देशातल्या प्रत्येक धावपटूला आपल्या गावाचे नाव माहीत करून दिले. लहान विद्यापीठाने यजमानपदाचा विचार असा करावा, असे मला फार वाटते. दिसेल त्या स्पर्धेला अर्ज करत सुटण्यापेक्षा एकच खेळ धरून ठेवलेला बरा.

ज्यात यजमानपद विकत घ्यावे लागते अशा स्पर्धांबद्दलही थोडे, कारण तुमच्या समितीपुढे आज ना उद्या तेही येईल. एनसीएएत जागा न मिळालेल्या पुरुष संघांसाठी २००८ मध्ये सीबीआय आणि २००९ मध्ये सीआयटी या खासगी स्पर्धा सुरू झाल्या. घरी सामना हवा असेल तर विद्यापीठ आयोजकांना पैसे देई. सीबीआय २०२१ पासून फ्लोरिडात डेटोना बीचला एकाच जागी होऊ लागली आणि तिथे खेळायलाच शुल्क आले. तरुण संघाला मार्चमध्ये आणखी सामने मिळावेत म्हणून एखाद्या प्रशिक्षकाला हे हवेसे वाटते, आणि ते मला समजते. पण आता विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, २०२५-२६ साठी एका विद्यापीठाची कमाल मर्यादा २.०५ कोटी डॉलर ठरली, आणि त्या मर्यादेच्या जवळपासही जाऊ न शकणाऱ्या विद्यापीठाने रिकाम्या सभागृहातल्या एका सामन्यासाठी पैसे मोजणे मला पटत नाही. तेवढ्यात महिला संघाच्या सामन्याला सगळ्या विद्यार्थ्यांना फुकट बसवता येईल.

बेसबॉल-सॉफ्टबॉलमध्ये तुमचा संघ चांगला असेल, तर तिथली गंमत वेगळी आहे. चार संघ, दोनदा हरेपर्यंत बाद नाही, म्हणजे सहा किंवा सात सामने. पाऊस आला तर सगळे सोमवारवर जाते आणि दारावरच्या माणसांचा जादा पगार वाढत जातो. तिथे यजमानपदासाठी लावलेल्या बोलीत किमान रकमेची हमी द्यावी लागते. गर्दी आली नाही तरी ती रक्कम विद्यापीठाच्या खिशातून जाते. घरी खेळण्याचा फायदा तिथेही मोठा, पण हमीचा आकडा क्रीडा संचालकांनी एकट्याने ठरवू नये.

तुमच्या पुढच्या बैठकीसाठी. महिलांच्या फेऱ्यांबाबत क्रीडा संचालकांना विचारा की विद्यापीठ जास्तीत जास्त किती तूट सोसायला तयार आहे, तो आकडा आजच लिहून घ्या आणि ती विपणनाच्या खर्चात धरा. सुट्टीतल्या वसतिगृहांचे आणि चार संघांच्या खोल्यांचे पत्र सोबत मागा. राबणाऱ्या कर्मचाऱ्यांना नंतरच्या आठवड्यात किती दिवस भरपगारी रजा मिळणार, तेही त्यातच असू द्या. हे कुणी विचारत नाही, आणि दोन हंगामांनी तुमची सर्वांत चांगली माणसे नोकरी सोडून जातात. पुरुषांच्या प्रस्तावाबाबत शहराच्या क्रीडा मंडळाकडून लेखी मागा की तिकिटे खपली नाहीत तर तूट कोण भरणार, विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांच्या वेळेचे पैसे कोण देणार, आणि राजकीय कारणाने सामने हलवले गेले तर तोवर झालेला खर्च कुणाचा. या तीन ओळींवर सही करायला ते तयार झाले, तर प्रस्ताव पुढे न्या. ‘ते नंतर बघू’ असे उत्तर आले, तर मी असतो तर त्याच बैठकीत विरोधी मत नोंदवले असते.